बेकरीचे मोफत प्रशिक्षण: मुलीला पाठवण्याआधी काय पाहावे?

सिंहगडरोडकर
नमस्कार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पुण्यातील जनता वसाहत या वस्तीत राहतात. त्यांची मुलगी १९ वर्षांची आहे. ती दहावी झाली त्याच वर्षी तिचे वडील वारले आणि शिक्षण थांबले; आता ती सकाळी दोन घरची धुणीभांडी करते. गरजू मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला ३ महिन्यांच्या मोफत बेकरी प्रशिक्षणासाठी निवडले आहे. मुलीला फार मनापासून जायचे आहे. मावशींचे म्हणणे असे, की ३ महिने हिची कमाई बुडणार आणि शेवटी ‘घरी केक करून विका’ एवढेच सांगणार असतील, तर आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ओव्हन ठेवायचा कुठे? मला यावर उत्तर देता आले नाही. या क्षेत्रातील कोणी मार्गदर्शन करील का?

कणीक_आणि_काटा
मावशींचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी काही वर्षे अशाच वर्गांत शिकवले आहे. मुली गळतात त्या अभ्यास जड जातो म्हणून नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बसभाडे आणि बुडालेला पगार घराला पेलवत नाही म्हणून. तेव्हा विद्यावेतन किंवा निदान बसचा पास मिळतो का आणि वर्गाची वेळ सांभाळून सकाळचे एखादे काम चालू ठेवता येईल का, हे सर्वांत आधी विचारावे.

त्यानंतर काय शिकवतात ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी क्रीमच्या केकवरची फुले काढण्यात निम्मा वेळ जातो, कारण त्याचे फोटो चांगले येतात. मात्र कारखान्यात आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोजचे काम पाव, ब्रेड, खारी, टोस्ट आणि बिस्किटांचे असते. पीठ पुरेसे मळले आहे का हे ओळखायला त्याचा छोटा गोळा बोटांनी ताणून त्याचा पडदा न फाटता त्यातून उजेड दिसतो का, हे मुलीला स्वतःच्या हाताने कळले पाहिजे, आणि ते एकदा बघून येत नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची. बेकरीत मैदा नेहमी १०० धरून बाकीचे सारे जिन्नस त्याच्या टक्केवारीत मोजतात. पावासाठी पाणी ६० टक्के, मीठ २ टक्के आणि कोरडे यीस्ट १ टक्का धरले, तर १० किलो मैद्याला ६ लिटर पाणी, २०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम यीस्ट लागते. माझ्या वर्गातील एका मुलीच्या हाताला उत्तम चव होती, पण सगळे अंदाजाने चालायचे. ही टक्केवारी उमगली त्या दिवशी तिने घरी जाऊन भावाच्या वहीत ५, १० आणि २५ किलोचे हिशेब मांडून आणले. पुढे तिला नोकरी मिळाली ती त्या वहीच्या जोरावर, असे मला आजही वाटते.

भट्टीजवळचा
कॅम्पच्या बाजूला आमची लहान बेकरी आहे, म्हणून नोकरी देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. दुकानात सकाळी ६ वाजता ताज्या पावाची लादी हवी असेल, तर भट्टीचे काम रात्रीच सुरू होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे असल्यास तिची संमती लागते, शिवाय तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. ही तरतूद योग्यच आहे. परंतु लहान मालक ती व्यवस्था करण्याऐवजी मुलींना पावाच्या कामावर घेतच नाहीत, आणि शिकवणारे ही गोष्ट मुलींना क्वचितच सांगतात. आम्ही खारी, नानकटाई आणि बिस्किटांचे काम सकाळी ८ ते ४ या पाळीत आणले, तेव्हा कुठे दोन मुली टिकल्या.

म्हणून संस्थेला विचारा, की मागच्या तुकडीतील मुली आज कुठे आणि कोणत्या पाळीत काम करतात. त्यांच्यापैकी दोघींशी मावशींनी स्वतः बोलावे. माहितीपत्रकापेक्षा मी त्या बोलण्यावर अधिक विश्वास ठेवीन.

औंधवासी
एक पूरक माहिती. मुलगी दहावी उत्तीर्ण असल्याने आयटीआयचा ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा १ वर्षाचा अभ्यासक्रमही लक्षात ठेवावा. घरात ओव्हन ठेवण्याची चिंता आताच नको. पुढे वस्तीतील बचत गटाबरोबर एखादा गाळा घेऊन काम सुरू करायचे ठरले, तर २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती; ती योजना चालू आहे का, हे तेव्हा पाहावे. मात्र आधी दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या भट्टीवर हात बसू द्यावा.

सिंहगडरोडकर
सर्वांचे मनापासून आभार. आज मावशींसह संस्थेत जाऊन आलो. वर्ग ११ ते ४ आहे, त्यामुळे सकाळचे एक घर सुटणार नाही. बसचा पास संस्था देईल. विद्यावेतन नाही, तेव्हा दुसऱ्या घरच्या पगाराइतकी रक्कम ३ महिने आम्ही देण्याचे ठरवले आहे. मागच्या तुकडीतील एक मुलगी धायरीत राहते. रविवारी मावशी तिच्या आईला भेटायला जाणार आहेत आणि मुलीला त्यानंतरच होकार कळवणार आहेत.