पावसाळ्यात रातकिडे टिकत नाहीत, काय करावं?

भांडुपकर:
माझ्या बिअर्डेड ड्रॅगनला (पाळीव सरडा आहे) खायला क्रॉफर्ड मार्केटमधून जिवंत रातकिडे आणतो. उन्हाळ्यात ठीक होतं. पाऊस लागल्यापासून रोज मेलेले सापडतात, डब्याला उग्र वास येतो. प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, तळाला कोकोपीट, अंड्यांचे ट्रे, पाण्याची वाटी, काकडी. वर रात्रभर किरकिर, शेजारच्या आजींना झोप नाही.

सरडेवाली:
वाटी आणि कोकोपीट आजच काढा. वाटीत रातकिडे बुडतात आणि कोकोपीट ओल धरून ठेवतं. मुंबईच्या जुलैत काही सुकतच नाही. विष्ठा आणि मेलेले किडे सडून अमोनिया साचतो, त्यात उरलेलेही जातात. तळ कोरडा, उघडा ठेवा, मेलेले रोज उचला. झाकण बरंचसं कापून तिथे धातूची जाळी बसवा, नायलॉनची ते कुरतडतात. ट्रे मऊ पडला की फेकायचा. पाण्यासाठी गाजराची चकती पुरते, सकाळची संध्याकाळी काढायची.

आता खाण्याचं, कारण त्याकडे कुणी बघतच नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. उपाशी रातकिडा दिला तर ड्रॅगनच्या पोटात जवळजवळ नुसतं कवच जातं. देण्याआधी किमान एक दिवस त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, गव्हाचा कोंडा खाऊ घाला. रातकिड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम फार कमी. म्हणून देताना कॅल्शियम पावडरीत घोळवा, नाहीतर पुढे ड्रॅगनची हाडं मऊ पडतात. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा देऊ नका. उरलेले रात्री टाकीत ठेवू नका, झोपलेल्या जनावराला चावतात.

किरकिर फक्त नरांची. मोठ्या मादीला मागे सुईसारखी लांब नळी असते. पिल्लं काढायची नसतील तर माद्याच निवडून आणा.

दादरचा_पाली:
डासांचं लिक्विड त्याच खोलीत लावता का? त्याने रातकिडेही मरतात.

भांडुपकर:
लावतो, आमची खोली एकच आहे. आजपासून मच्छरदाणी. ताई, शेवग्याचा पाला भाजीवाल्याकडचा चालेल? फवारलेला असला तर?

सरडेवाली:
तीच भीती आहे. ओळखीच्या कुणाच्या आवारात झाड असेल तर तिथला घ्या. बाजारातला असेल तर भरपूर पाण्यात धुऊन, पुसून, आधी दोन-चार रातकिड्यांनाच द्या. दुसऱ्या दिवशी ते धडधाकट असले तर बाकीच्यांना.