काउन्सेलर मॅडम अण्णांना पंचगंगेची पातळी किती वेळा बघता विचारालेत, ही ट्रीटमेंट म्हणायची का?

उद्यमनगरचा_पोरगा

मंडळी जरा सल्ला पाहिजे. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६३, कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं, दोन वर्षांपूर्वी दुकान थोरल्या भावाच्या ताब्यात दिलं आणि घरी बसले. घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, म्हणजे २०१९ ला पाणी आत, २०२१ ला परत आत. तेव्हापासनं पाऊस लागला की अण्णांचं एकच काम, मोबाईलवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी बघायची. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आमच्या घरात हे पाढ्यासारखं पाठ आहे. पावसाळ्यात आम्ही पण बघतो, त्यात काय नाही, पण यंदा दिवाळी झाली, नदी तळाला गेली तरी माणूस रात्री दोनला उठून बघत बसतोय. छातीत धडधड, जेवण कमी, कुणी काय बोललं की खेकसणं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले एकदा काउन्सेलिंग करून बघा.

राजारामपुरीत एक मॅडम मिळाल्या. पाटीवर लिहिलंय 'व्यक्तीनुसार, समग्र समुपदेशन'. आई म्हणाली समग्र म्हणजे, वाङ्मय असतंय तसं काय?

तीन सेशन झालीत, एकाचे ८०० रुपये. पहिलं दीड तास चाललं आणि विचारलं काय तर दुकानावर चहा कुणाबरोबर प्यायचा, तालमीत जात होता का, शुगरची गोळी कुठली आणि किती वर्षं, झोपायच्या खोलीतनं रस्ता दिसतो का. आजाराचं नाव नाही, गोळी नाही. वर बी १२ आणि थायरॉईड करून आणा म्हणाल्या, आता मनाच्या दुखण्याला रक्त कशाला? दुसऱ्या वेळी सांगितलं पातळी दिवसातनं दोनदाच बघायची, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, आणि मोबाईल रात्री खोलीबाहेर. आणि पाणी ४३ ला गेलं तर घरात कुणी काय उचलायचं ते कागदावर लिहून आणा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी आईला पण बोलावून घेतलं.

आता गंमत अशी की माझ्या मावशीची पोरगी पण ह्याच मॅडमकडं जाते, बारावीला आहे, नीटची तयारी. तिला काहीतरी वहीत लिहायला लावलंय आणि आईवडिलांना म्हणे मार्क विचारायला महिनाभर बंदी. म्हणजे एकाच दुकानात दोन गिऱ्हाईकांना दोन वेगळे माल, ठरलेली अशी पद्धतच नाही का? आणि अण्णा आत काय बोलतात ते विचारलं तर मॅडम म्हणतात ते अण्णांनाच विचारा. पैसे मी भरतोय!

हे बरोबर चाललंय का नुसतं सेशन वाढवायचं काम आहे?

कट्ट्यावरचा_बाळ्या

८०० रुपये गप्पा मारायचे? आमच्या कट्ट्यावर फुकट मारतो भावा, वर चहा पण पाजतो. अण्णांना पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या, समोर पिळलेलं म्हशीचं दूध, वरनं रंकाळ्याला एक फेरी. आठ दिवसांत गडी तयार. आमच्या आज्ज्याला कुठलं टेन्शन नव्हतं का कुठली मॅडम नव्हती.

सून_पण_कोल्हापूरची

@बाळ्या तुझ्या आज्ज्याला टेन्शन होतं का नव्हतं ते तुझ्या आज्जीला विचारायला पाहिजे होतं.

मूळ प्रश्नावर येतो. मी पुण्यात होतो चार वर्षं, बाळंतपणानंतर लै वाईट अवस्था झालती माझी. तिथं एका ठिकाणी काउन्सेलिंगला गेलो. बाई वाईट नव्हत्या, पण पहिल्याच दिवशी मी म्हटलं 'मी पार दमलो' तर त्या हसून म्हणाल्या दमलो का दमले? आता आमच्यात बायका मी आलो मी गेलोच म्हणतात, पण त्या दिवसापासनं मी तोंड उघडायच्या आधी वाक्य जुळवायला लागलो. रडायचं सोडून व्याकरण! तीन वेळा गेलो आणि सोडलं.

मग माहेरी आलो तेव्हा इथल्या मॅडमकडं गेलो (तुमच्याच का ते माहीत नाही). त्यांनी आधी विचारलं जेवता किती वाजता. मला उत्तरच देता येईना, कारण सगळ्यांचं आटोपून तीनला जेवत होतो आणि हे कुणाला सांगायची गोष्ट आहे असं मला वाटतच नव्हतं. माझं निम्मं दुखणं त्या तीन वाजताच्या जेवणात होतं. सासूबाईंना एकदा बोलावलं, माझी तक्रार करायला नाही, बाळाची रात्रीची पाळी कशी वाटून घ्यायची ते ठरवायला. शिवाय त्यांनीच सायकियाट्रिस्टकडं पण पाठवलं, सहा महिने गोळी चालली, आणि दोघं एकमेकांशी बोलायचे, पण आधी माझी परवानगी घेऊन. तर खोलीतनं रस्ता दिसतो का हा प्रश्न तुम्हाला फालतू वाटला असेल, मला नाही वाटला. २०१९ ला पाणी कुठनं आलं होतं घरात?

मिरज_लोकल

मी ह्याच क्षेत्रात आहे, सांगलीला. अण्णांना बघितलेलं नाही त्यामुळं निदान वगैरे करणार नाही, पण तुमच्या शंकांवर बोलतो.

रक्त कशाला, तर थायरॉईड कमी पडलं की माणूस सुस्त, उदास होतो, आणि बाहेरनं ते अगदी डिप्रेशनसारखं दिसतं. शुगरला मेटफॉर्मिन चालू असेल तर ती बरीच वर्षं घेतल्यावर बी १२ कमी होऊ शकतं, त्यानंपण चिडचिड, विसरभोळेपणा येतो. गोळीचं नाव आणि वर्षं विचारली ती त्यासाठी. हे न तपासता नुसतं बोलत बसणं म्हणजे टायर पंक्चर असताना कार्ब्युरेटर साफ करणं. समग्र म्हणजे खरं तर एवढंच, शरीर, मन आणि भोवतालची माणसं तिन्ही बघायची. जॉर्ज एंगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९७७ ला हेच मांडलं होतं.

पद्धत नाही असं नाही, पद्धती बऱ्याच आहेत. कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आहे, त्यात ऐकून घेण्यावर भर, पेशंट न म्हणता क्लायंट म्हणायचं हे त्यांनीच रुजवलं. अल्बर्ट एलिस ह्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास सुरू केलेली आहे, त्यात त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायचे, आपल्याकडं ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून कि. मो. फडक्यांनी मराठीत पोचवली. कुणाला कुठली, किती, कधी, हे ठरवणं हेच आमचं काम. तुमच्या अण्णांनी तीस वर्षं लेथ चालवलीय ना, प्रत्येक जॉबला एकच टूल लावत होते का? विचारा त्यांना.

पातळी दोनदाच बघायची हा उपचारच आहे हो. बघितलं की घटकाभर बरं वाटतं, ते ओसरलं की परत बघावंसं वाटतं, असं ते चक्र वाढत जातं. एकदम बंद केलं तर माणूस कासावीस होतो आणि तुमच्या घराला पूर खरंच येतो, त्यामुळं 'काही होत नाही, विचार करू नका' म्हणणं खोटं ठरलं असतं. म्हणून वेळ बांधून दिली आणि भीतीचा कागदावर प्लॅन करून घेतला. मला तर हे आवडलं.

आत काय बोलतात ते मॅडम सांगणार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्कच दिलाय, पैसे कुणी का भरेना. अपवाद म्हणजे जिवाला धोका वाटला तर. एक मात्र जरूर विचारा, मॅडम शिकल्यात काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन असतं. आणि ध्येय काय ठरलंय, फरक पडतोय हे कशावरनं बघायचं, परत आढावा कधी. चांगल्या काउन्सेलरला ह्या प्रश्नांचा राग येत नाही.

अण्णा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलायला लागले तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

गप्प_वाचक

दुसरी बाजू पण सांगतो. मी दुसऱ्या एका शहरात असाच होलिस्टिक शब्द बघून गेलो होतो. बारा सेशनचं पॅकेज, पैसे आधी, दहा मिनिटांत माझं सगळं समजलं म्हणाले, हातात छापील चार्ट, तोच चार्ट माझ्या ऑफिसातल्या मित्राला पण! वर झोपेच्या गोळ्या आजपासून बंद करा म्हणाले, मी बंद केल्या आणि तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरला न विचारता गोळी बंद करायला सांगणारा भेटला की चप्पल घालायची आणि निघायचं. तुमच्या मॅडम उलट डॉक्टरकडं पाठवालेत, तेवढ्यावरनं तरी मला बऱ्या वाटतात.

उद्यमनगरचा_पोरगा

दोन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. सगळ्यांना थँक्यू.

रिपोर्ट आले, थायरॉईड ठीक, बी १२ बरंच कमी. मेटफॉर्मिन नऊ वर्षं चालू आहे, डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू केलीत. @सून_पण_कोल्हापूरची, तुमचा प्रश्न आईला विचारला. २०१९ ला पाणी त्याच खोलीच्या बाजूनं आलं होतं आणि अण्णा खिडकीत उभारून लाईट गेलेल्या रस्त्यावर बॅटरी मारत बसले होते रात्रभर. मी तेव्हा चाकणला नोकरीला होतो, मला हे माहीतच नव्हतं. आता पलंग मागच्या खोलीत हलवलाय.

मॅडमना शिक्षण विचारलं, बिचकत विचारलं, तर त्यांनी सर्टिफिकेटच दाखवलं. सहाव्या सेशनला आढावा, अण्णा रोज झोपेचे तास लिहितात, त्यावरनं बघायचं. लेथच्या टूलचं अण्णांना सांगितलं तर म्हणाले मग एवढे दिवस तुला काय वाटत होतं? शनिवारी जुन्या पार्टनरबरोबर दूध कट्ट्यावर पण जाऊन आले, बाळ्याचा मान राखला.

काल रात्री दोनला आवाज आला म्हणून उठलो तर अण्णा पाणी पिऊन परत झोपायला चालले होते, मोबाईल देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. मलाच मग झोप लागंना, तासभर पातळी बघत बसलो.

कट्ट्यावरचा_बाळ्या

आता तुझा नंबर लाव भावा.