व्हेनिसहून मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो: एका दिवसात जमेल का?

पायपीट: सप्टेंबरात रिआल्तोजवळ मुक्काम आहे, सोबत सत्तरीचे आईबाबा. तिन्ही बेटं एका दिवसात होतील का? हॉटेलवाले मुरानोची बोट फुकट देताहेत, घ्यावी का? तिघेही शाकाहारी.

गलबत: फुकट बोट नको. ती थेट काचकारखान्याच्या धक्क्याला लागते. दहा मिनिटं भट्टी, मग विक्रेता पाठ सोडत नाही.

रिआल्तोहून फोंदामेंते नोवे पंधरा मिनिटं चालत. वाटेत पूल, म्हणजे पायऱ्या, तेव्हा आईबाबांसाठी वेळ जास्त धरा. तिथून १२ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक प्रवासी बोट, बुरानोला पाऊण तासात नेते. ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५. तुम्हाला पासच परवडेल. मात्र दर वेळी चढण्याआधी मशीनला टेकवा. पास खिशात असला तरी टेकवला नसेल तर दंड.

आधी लांबची बेटं, मुरानो परतताना. सकाळी सगळे मुरानोपासून सुरुवात करतात आणि पुढची १२ नंबर तिथे भरूनच येते.

सुईदोरा: क्रमाशी असहमत. दुपार कलली की बऱ्याच भट्ट्या थंडावतात, मग मुरानोत उरतात फक्त दुकानं. पासचे २४ तास पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजतात, त्याचा फायदा घ्या. अकराला निघा, बुरानोहून पाच मिनिटांवरचं तोर्चेल्लो आधी उरका, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर बुरानो. मुरानो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पासवर, ४.१ किंवा ४.२ नंबरच्या बोटीने. अकराच्या आत परतीची बोट पकडा.

तोर्चेल्लो गाळू नका. धक्क्यापासून कालव्याच्या कडेने दहा मिनिटांची सपाट वाट. तिथली बॅसिलिका (चर्च) मूळची ६३९ सालची. पश्चिमेकडची अख्खी भिंत अंतिम न्यायाच्या मोझॅकने भरली आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

गलबत: हे बेस्ट, माझा क्रम रद्द. फक्त एक: मुरानोत कोलोन्ना आणि फारो हे वेगळे धक्के आहेत. १२ नंबर फारोलाच थांबते, कोलोन्नाला तिची वाट पाहत बसू नका.

सुईदोरा: खाण्याचं राहिलंच. बुरानोचा रिसोत्तो दि गो म्हणजे माशाच्या रश्शात शिजवलेला भात. वर तुकडा दिसत नाही म्हणून फसायला होतं. बुसोला बिस्किटात अंड्याचा बलक असतो. आणि बुरानोचं लेसचं संग्रहालय सोमवारी बंद.