मदत हवी आहे: जिस्ट कार्डाच्या मूळ फ्लॉप्या आणि सव्वापाच इंची ड्राइव्ह पुण्यात कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी,

आधी मागणी सांगते, मग बाकीचं. आमच्या पेठेतल्या छोट्या वाचनालयाचा १९९२ सालचा ३८६ संगणक पुन्हा चालू करायचा आहे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट कार्डाबरोबर (संगणकात मराठी आणणारं कार्ड, पुढे सांगते) आलेल्या फ्लॉप्या, एमएस-डॉस ५ चा (संगणक चालवणाऱ्या जुन्या प्रणालीचा) संच, आणि १.२ एमबीचा चालू स्थितीतला सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. विकत द्या, उसना द्या, दोन दिवसांसाठी द्या, कसंही चालेल. मी स्वतः येऊन नेईन आणि परत आणून देईन.

वाचनालय ज्या वाड्यात आहे तो पुनर्विकासाला गेलाय आणि दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करायची आहे. पोटमाळा आवरताना दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे हा संगणक निघाला. कीबोर्डवर इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीची, अक्षरं चिकटवलेली आहेत, ‘क’ आणि ‘र’ची तर बोटांनी झिजून पुसट झालीत. आमचे जुने ग्रंथपाल, ज्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांनी याच कीबोर्डवर चार वर्षं संध्याकाळी बसून वाचनालयाची सूची केली. डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, संपूर्ण मराठीत, सुमारे ९,००० पुस्तकं. सर आता ८१ वर्षांचे आहेत.

सूचीची छापील प्रत आहे, पण तिच्यात फक्त क्रमांक, नाव, लेखक आणि कपाट. सरांनी प्रत्येक पुस्तकाला एक शेराही लिहिला होता, तो छापलाच नाही. कॅबिनेटच्या शेजारी डॉट मॅट्रिक्सचा, कडेला भोकं असलेला एकच कागद सापडला, त्यावर शेरे आहेत. दोन इथे देते.

‘पाने ४१ ते ४४ नाहीत. वाचकास आधी सांगावे.’

‘मागील पुठ्ठ्याच्या आत देणगीदाराने मुलीच्या लग्नाचा खर्च लिहिला आहे. बाइंडिंग करताना झाकू नये.’

असे नऊ हजार शेरे असतील. नव्या जागेत पुस्तकं लावताना कुठली प्रत ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवणार आहोत. हे शेरे न वाचता ते ठरवलं, तर नको ती प्रत रद्दीत जाईल. म्हणून मी याच्या मागे लागले आहे.

ज्यांनी जिस्ट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी कळत नव्हती. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, पुण्यातच. जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की साध्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये, अगदी डीबेसमध्येसुद्धा, मराठी टाइप करता यायचं आणि पडद्यावर दिसायचं. अक्षरांसाठी इस्की ही संकेतप्रणाली होती, तिचं भारतीय मानक १९९१ चं आहे. इंग्रजीच्या १२८ जागा तशाच ठेवून वरच्या १२८ मध्ये आपली अक्षरं बसवलेली. आमचं कार्ड जागेवर आहे, सोनेरी दात स्वच्छ आहेत, खरेदीची पावतीही फायलीत मिळाली. ‘जिस्ट – मूळ’ असं सरांच्या अक्षरात लिहिलेलं पाकीटसुद्धा आहे. पाकिटातल्या फ्लॉप्या मात्र नाहीत.

आता संगणकाची अवस्था. मदरबोर्डवर लोखंडी पिंपासारखी जी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते ती फुटून आजूबाजूला निळसर-हिरवा थर आला होता. कुणाकडे असा जुना संगणक माळ्यावर असेल तर चालू करो न करो, ही बॅटरी आजच कापून काढा. तिच्यातलं पाणी तांब्याच्या रेषा खात जातं. मी ती काढली, पांढऱ्या व्हिनेगरने जागा पुसली, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली. एक रेषा तुटली होती, ती एका दुरुस्तीवाल्या काकांनी बारीक तारेने जोडून दिली. आता संगणक सुरू होतो, मेमरी मोजतो आणि थांबतो. बॅटरी गेल्यामुळे कुठली हार्ड डिस्क जोडली आहे ही संगणकाने लक्षात ठेवलेली नोंद पुसली गेलीय. डिस्कवरच्या लेबलावरून सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे सेटअपमधल्या टाइप ४७ मध्ये (जिथे ते स्वतः भरता येतात) भरले, पण डिस्क फिरतच नाही. कानाला लावली तरी आवाज नाही.

म्हणजे आशा आहे ती बाकरवडीच्या जुन्या डब्यातल्या सात फ्लॉप्यांवर. सव्वापाच इंची, ‘बॅकअप १’ ते ‘बॅकअप ७’. सर म्हणतात, डॉसच्याच बॅकअप आज्ञेने घेतलेल्या आहेत. त्यामुळे नुसत्या फायली कॉपी करून भागणार नाही, डॉसच्याच रिस्टोअरने त्या परत जोडाव्या लागतील.

आणि इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली. पहिली फ्लॉपी संगणकातल्याच ड्राइव्हमध्ये घातली. खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या तबकडीवर पांढुरके ठिपके होते, मला वाटलं धूळ असेल. ती बुरशी होती. इतक्या पावसाळ्यांची ओल. ड्राइव्ह खरखरला, पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ आलं. मी तशीच दुसरी फ्लॉपी घातली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यावर एक बारीक गोल ओरखडा होता. पहिलीची घाण ड्राइव्हच्या हेडला चिकटली आणि तिने दुसरीचा माग (ट्रॅक) खरवडला. तेव्हापासून मी एकाही फ्लॉपीला हात लावलेला नाही. सरांना अजून हे सांगितलेलं नाही.

तपकीर गल्लीत तीन वेळा जाऊन आले. साडेतीन इंची यूएसबी ड्राइव्ह मिळतो, सव्वापाच इंचीचं नाव काढलं की दुकानदार वरच्या फळीकडे बघून मान हलवतात. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी दोन्ही दिवशी चकरा झाल्या. एका गाड्यावर ड्राइव्ह होता, पण तो ३६० केबीचा, आमच्या फ्लॉप्यांना न चालणारा. सी-डॅकला पत्र लिहिते आहे.

तर मंडळी, आपापले माळे, कपाटाखालचे खोके, जुन्या ऑफिसातली मॅन्युअलं एकदा बघाल का? विशेषतः ज्यांनी नव्वदच्या सुमारास डीटीपी किंवा डेटा एंट्रीचं काम केलंय त्यांनी. आणि फ्लॉप्यांचं पुढे काय करू तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक काम करा. सातही फ्लॉप्यांच्या कडेला जी चौकोनी खाच असते तिच्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कुठलाच ड्राइव्ह त्यावर लिहू शकणार नाही. साडेतीन इंचीत उलटं असतं, तिथे खिडकी उघडी ठेवली की लिहिणं बंद.

बुरशी काढता येते. आवरणाची वरची कड पातळ पात्याने उघडा, तबकडी मधल्या भोकाला धरून बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून हलक्या हाताने धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग एखाद्या कोऱ्या फ्लॉपीचं आवरण वापरा, जुन्यात परत घालू नका. हात बसेपर्यंत टाकाऊ फ्लॉपीवर सराव करा.

माझ्याकडे १.२ एमबीचा ड्राइव्ह आहे, चालतो. सोबत ग्रीझवीझलही आहे, म्हणजे ड्राइव्ह यूएसबीला जोडून तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारं छोटं सर्किट. एका मागाचं वाचन पुन्हा पुन्हा घेता येतं आणि त्यातून चांगलं तेवढं निवडता येतं. ओरखडा असलेली फ्लॉपी सगळ्यात शेवटी वाचू, आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसू. कोथरूडला येऊ शकाल का?

प्रतिसाद २

डॉस ५ नसेल तर अडून राहू नका. डॉस ६ मध्ये बॅकअप आज्ञा गेली आणि एमएसबॅकअप आलं, पण जुन्या बॅकअपसाठी रिस्टोअर ठेवली होती. ६.२२ च्या माझ्या तीन फ्लॉप्या आहेत, घेऊन जा.

प्रतिसाद ३

महत्त्वाचं सांगतो. डीबेसमध्ये लांब मजकूर मुख्य फाईलमध्ये नसतो. शेरा हा मेमो प्रकारचा रकाना असेल, तर डीबीएफ फाईलमध्ये फक्त ठोकळ्याचा क्रमांक असतो आणि मजकूर डीबीटी नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये. दोन्ही हव्यात. डीबीटीतला एक ठोकळा ५१२ बाइटचा, म्हणजे ९,००० शेरे म्हटले तरी साधारण ४.६ एमबी. तुमच्या सात फ्लॉप्यांची एकूण जागा ८.४ एमबी. हिशेब जुळतो, म्हणजे शेऱ्यांची फाईल या संचात असण्याची शक्यता बरीच आहे. पण बॅकअप मोठी फाईल तोडून लागोपाठच्या फ्लॉप्यांवर टाकतो, म्हणून क्रम मोडू नका.

मजकूर वाचायला जिस्टच्या फ्लॉप्या लागणारच असं नाही. युनिकोड या आजच्या संगणकांच्या संकेतप्रणालीतला देवनागरीचा भाग इस्कीवरूनच बेतलेला आहे, रूपांतर करता येतं. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचं कोडपेज, म्हणजे अक्षरसंकेतांचा तक्ता, ५७००२ आहे. आधी मात्र अक्षरांची मांडणी कुठली आहे ते ताडून घ्या. सरांनी हमखास लिहिला असेल असा शब्द शोधा. ‘वाचनालय’ घ्या: व, काना, च, न, काना, ल, य. सात बाइट, त्यात दुसरा आणि पाचवा सारखा. हा साचा जिथे सापडेल तिथे सहा संकेत एकदम हाती लागतील.

प्रतिसाद ४

आमच्या ऑफिसात जिस्ट कार्डं होती. संगणक भंगारात गेले तेव्हा मॅन्युअलं मी घरी आणली होती, त्यातल्या एकाच्या मागच्या खिशात काहीतरी होतं असं आठवतंय. मुलाला माळ्यावर चढवतो या आठवड्यात.

धागाकर्तीचा प्रतिसाद, दोन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोथरूडला दोन रविवार बसलो. चार फ्लॉप्या धुवाव्या लागल्या. तीन क्रमांकाची वाळायला ठेवली तेव्हा तबकडीवर खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं इतकी ती स्वच्छ निघाली. सातपैकी सहा पूर्ण वाचल्या गेल्या. ओरखडा पडला होता ती दोन क्रमांकाची, तिचे काही माग कितीही वेळा वाचले तरी येत नाहीत. ६.२२ च्या रिस्टोअरने तिथे अडकून बसायचं ठरवलं, म्हणून प्रतिसाद १ मधल्या दादांनी मजकूर थेट सेक्टरांतून, म्हणजे तबकडीवरच्या छोट्या तुकड्यांतून, काढला. डीबीएफ आणि डीबीटी दोन्ही आहेत.

उघडल्यावर पडदाभर टोप्या-टिंबं लावलेली परकी अक्षरं होती. ‘वाचनालय’चा साचा शोधला. दुसरा आणि पाचवा सारखा, पहिल्याच मिनिटात अकरा ठिकाणी. तिथून तक्ता भरत गेलो आणि रात्री साडेनऊला पहिला पूर्ण शेरा वाचला: ‘ही प्रत पुरात भिजली होती. उन्हात वाळवून घेतली. वास जाणार नाही, पण वाचता येते.’

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, ओरखड्याचंही. त्यांनी कुठले माग गेले ते विचारलं, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, दोन नंबरवर नाटकांचं कपाट असावं, त्यातले बरेच शेरे मला आठवतील, वही आण. कालपासून ते सांगतायत आणि मी लिहून घेते आहे.

मजकूर हाती आला तरी जिस्टच्या फ्लॉप्या मला अजून हव्या आहेत. सरांना ही सूची त्याच पडद्यावर, त्याच कीबोर्डसमोर बसून बघायची आहे, आणि नव्या जागेत हा संगणक दारातच ठेवायचं ठरलंय. प्रतिसाद ४ मधले काका, मॅन्युअलच्या खिशात काय निघालं? फ्लॉपी असेल तर कृपया कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, आधी खिडकीतून ठिपके दिसतात का बघा आणि मला कळवा. मी लगेच येते.