मेणवलीचा वाडा आतून बघता येतो का? आणि जवळपास जुनी बाग?

सांगलीची_लेक: रविवारी आई-बाबांना घेऊन सांगलीहून वाईला निघतोय. टीव्हीवर विलायतेतले जुने बंगले आणि त्यांच्या बागा बघून आईच्या डोक्यात बसलंय की आपल्याकडचं पण असलं काहीतरी बघायचं. तिथनं जवळच मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा आतून बघायला मिळतो का, तिथं बाग आहे का? तिचे गुडघे धरलेत, पायऱ्या जास्त नकोत.

कृष्णाकाठ: मिळतो, पण खासगी मालकीचा आहे, सहाच्या सहा चौक उघडे मिळतील असं धरून येऊ नका आणि शूटिंग चालू असलं तर अवघडच, आधी वाईत कुणालातरी विचारा. लाकूडकाम आणि भिंतीवरची चित्रं निवांत बघा. मागं कृष्णेवर घाट, तिथं मात्र पायऱ्याच पायऱ्या. घाटावरची घंटा चुकवू नका, पोर्तुगीज आहे, वसई जिंकल्यावर आणलेली, वर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी. आपल्या महादेवाच्या शेजारी! बाग बिग विसरा.

माळावरचा_गडी: बाग म्हणजे काय लॉनच पायजे का? आपल्याकडं बाग म्हणजे आमराई. जाताना लिंबची बारामोटेची विहीर करा, साताऱ्याच्या पुढं हायवेपासून जवळच हाय. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधली, तिथल्या आमराईला पाणी द्यायला. नाव बारामोटेची पण मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या कातड्याच्या पिशव्या, पंधरा लागायच्या. विहिरीतच महाल हाय राव. खाली उतरायला जिना हाय, पण काकूंनी वरनं बघितली तरी चालतंय.

कृष्णाकाठ: हे बरोबर. फक्त सकाळी जा, दुपारी दगड असला तापतो की पाय ठेववत नाही.

सांगलीची_लेक: जाऊन आलो. मेणवलीत निम्मा वाडा बंदच होता, बाबा घंटेपाशी आणि आई घाटाच्या वरच्याच पायरीवर बसून राहिली, पण लिंबला मजा आली. आम्ही खाली महालात फोटो काढत होतो आणि आई वरनं ओरडून सांगत होती बैल कुठनं यायचे ते, तिच्या आजोळी मोट होती म्हणे, आम्हाला पत्ताच नाही. वर आलो तर दगडावर हात ठेवून मोटेच्या दोरांपैकी नाडा कुठला आणि सोंदूर कुठला हे बाबांना समजावत होती. व्हिडिओ करायचा राहिला. आणि आमराई कुठाय म्हणून दोनदा विचारलं तिनं, तर समोर ऊस.