हवालदार सोबत नेला की मग बोलणार कोण?
गृहभेटीला जाताना परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे केस असलेल्या माणसाला शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडावं का, यासाठी घरची चौकशी करून कोर्टाला अहवाल देणारा) सरळ एक हवालदार सोबत न्यावा, असं वर कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. मी पुण्यात एका संस्थेकडून अशा भेटींना परिवीक्षा अधिकारी मॅडमबरोबर जायचो, पर्वती पायथ्याच्या वस्त्यांमधे वगैरे, तिथे खाकी दिसली की शेजारची दारं धडाधड बंद, मग पोराची खरी माहिती देणार कोण? मॅडम कायम दाराजवळची जागा धरायच्या, चपला बाहेर पण तोंड गल्लीकडे करून काढलेल्या आणि निघताना ऑफिसात कुणाला तरी पत्ता मेसेज केलेला. सुरक्षाव्यवस्था म्हणाल तर एवढीच.

आणि ज्याच्यावर केस तो सहसा नीटच वागतो हो, त्याला चांगला रिपोर्ट हवा असतो. धास्ती असते ती त्याच्या भावाची, नाक्यावरच्या पोरांची. इथे कुणी काढला नाही तो मुद्दा म्हणजे १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ७. अहवाल गोपनीय, पण कोर्टाला योग्य वाटलं तर त्यातला सारांश त्या माणसाला सांगता येतो (आणि ते बरोबरच आहे, त्याला बाजू मांडायला नको का?). पण मग 'मॅडमनी काय लिहिलं' ते वस्तीभर होतं आणि पुढच्या वेळी त्याच गल्लीत एकटीने जायचं. कलम १५ मुळे अधिकारी लोकसेवक ठरतो, म्हणजे दंड संहितेतला जुना ३५३, आता न्याय संहितेतला १३२ (लोकसेवकाला कामात अडवायला हल्ला केल्याचा गुन्हा) लावता येतो, पण तो अंगावर कुणी धावून आल्यावर ना. त्यापेक्षा अहवालानंतरच्या पहिल्या भेटीला तरी दोन अधिकारी पाठवा, हवालदार राहू दे.