एच.२६४ ते एचईव्हीसी ट्रान्सकोडिंग: थ्रेशोल्ड बदलूनही निकाल तोच, मदत हवी आहे

एच.२६४ या जुन्या व्हिडिओ-कॉम्प्रेशन पद्धतीतले व्हिडिओ एचईव्हीसी या तिच्या पुढच्या पद्धतीत आणणारा ट्रान्सकोडर करतोय. पूर्ण डीकोड करून पुन्हा पहिल्यापासून एन्कोड करायचं तर एचएम (एचईव्हीसीचा संदर्भ म्हणून वापरतात तो) एन्कोडर वेळ खाऊन अंत पाहतो. ६४×६४ पिक्सेलच्या एका सीटीयूत (एचईव्हीसीचा मूळ मोठा ब्लॉक) ८×८ पर्यंत उतरायचं म्हणजे १+४+१६+६४ असे ८५ ब्लॉक, आणि प्रत्येकाचे मोड वेगळे. जुन्या एन्कोडरने शोधलेले मोशन व्हेक्टर (ब्लॉक दुसऱ्या फ्रेममधल्या कुठल्या जागेशी जुळतो ते) बिटस्ट्रीममध्ये आयते पडलेले असताना ते फेकून द्यायचे, हे काही पटत नाही.

म्हणून नाइव्ह बेझ हा संभाव्यतेवर चालणारा साधा क्लासिफायर लावलाय, तो जुन्या माहितीवरूनच निर्णय घेतो. प्रश्न एवढाच: ब्लॉकचे आणखी चार तुकडे करायचे की इथेच थांबायचं? फीचर (त्याला दिलेले आकडे) म्हणजे मोशन व्हेक्टरांचा व्हेरियन्स, शून्य नसलेल्या कोइफिशंटची संख्या, खर्च झालेले बिट, रेसिड्युअलची (अंदाज आणि खरं चित्र यांतल्या फरकाची) ऊर्जा आणि स्किपचं (फरक न पाठवता सोडलेल्या ब्लॉकांचं) प्रमाण. एच.२६४ चा मॅक्रोब्लॉक १६×१६ चाच, त्यामुळे ६४ च्या ब्लॉकसाठी सोळांची सरासरी घेतो. शिकवायची लेबलं एचएमच्या पूर्ण आरडीओमधून, म्हणजे बिट आणि दर्जा यांचा हिशेब करून सगळे पर्याय तपासण्यातून.

वेळ छान वाचतो, पण वेगवान दृश्यांत बीडी-रेट (त्याच दर्जासाठी लागणारे जादा बिट) फार वाढतो. शंका असेल तिथे पूर्ण आरडीओ चालावा म्हणून प्रॉबॅबिलिटीला थ्रेशोल्ड लावला. ०.७ ठेवा नाहीतर ०.९५, फरक जवळपास शून्य! एसव्हीएम या दुसऱ्या क्लासिफायरकडे वळू का? प्रत्येक क्यूपीला (कॉम्प्रेशन किती जोरात करायचं तो आकडा) वेगळं मॉडेल लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
एसव्हीएम राहू द्या. आधी प्रॉबॅबिलिटींचा हिस्टोग्राम काढा, बहुतेक सगळं ० आणि १ पाशी गोळा झालेलं दिसेल. वर्ग ठरला की फीचर एकमेकांपासून स्वतंत्र, असं नाइव्ह बेझ धरून चालतो. तुमचे कोइफिशंट, बिट आणि ऊर्जा म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा पिंजऱ्यात उभं करणं. मॉडेलला उगाच खात्री वाटते, मग थ्रेशोल्ड काय करणार? तिघांतलं एकच ठेवा, किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन वापरून बघा.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं: तुकडे केले काय, न केले काय, आरडी कॉस्ट (बिट आणि दर्जा यांची मिळून किंमत) जेमतेम बदलते असे ब्लॉक ढिगाने असतात. तिथे चुकलं तरी बिघडत नाही. प्रत्येक नमुन्याला दोन कॉस्टमधल्या फरकाएवढं वजन द्या. अचूकतेची टक्केवारी घसरली तर घसरू दे, बीडी-रेट बघा.

क्यूपीबाबत: हो, वेगळी मॉडेल ठेवा. क्यूपी ६ ने वाढला की क्वांटायझेशन स्टेप दुप्पट होते. २२ ला शिकलेलं ३७ ला कसं चालेल?

धागाकर्ता
हिस्टोग्राम काढला, अगदी तसाच निघाला. तिघांतले कोइफिशंट ठेवतो. वजनं ६४, ३२, १६ या तिन्ही पातळ्यांना मिळून काढू की वेगवेगळी?

प्रतिसाद १
वेगवेगळी. क्लासिफायरसुद्धा पातळीगणिक वेगळा. आणि १६ च्या पातळीवर सरासरी नाही, तो मॅक्रोब्लॉक आतून कसा विभागलाय तेच थेट फीचर म्हणून द्या.